मधल्या पिढीला जरा बाजूला बसवा

(शिक्षक, पालक आणि ग्रंथपाल यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. 'बालसाहित्यातील आजी-आजोबा आणि नातवंडं' असा विषय मला दिला आहे. निमंत्रणपत्रिकेवर विषयाखाली एक चित्र आहे. नऊवारीतली आजी, नाकावर घसरलेला चष्मा, पुढ्यात मांडी घालून बसलेली दोन मुलं. या सभागृहातल्या आज्यांकडे मी मघापासून बघते आहे. चित्रातल्या आजीसारखी एकही दिसत नाही. एक तर आत्ता स्कूटी लावून, हेल्मेट हातात घेऊन आत आल्या. पण पेहरावाची तक्रार किरकोळ आहे, ती चित्रकार मंडळी आज ना उद्या दुरुस्त करतील. मला खुपतं ते वेगळंच. त्या चित्रात आजी बोलते आहे आणि मुलं ऐकत आहेत. आपल्याकडच्या कितीतरी गोष्टींत हे नातं तेवढ्यावरच थांबतं. आजी लाडू देते, आजोबा तात्पर्य देतात, मूल दोन्ही गिळतं.

आपल्या घरात निर्णय कोण घेतं? मधली पिढी. टीव्ही किती वाजता बंद करायचा, सुट्टीत कुठे जायचं, खोली कोणाला द्यायची, सगळं आई-बाबा ठरवतात. 'उन्हात जाऊ नकोस' हे सात वर्षांच्या मुलालाही सांगितलं जातं आणि पंच्याहत्तरच्या आजोबांनाही. 'दूध घेतलंस का' आणि 'गोळी घेतलीत का' या दोन प्रश्नांतला आवाज एकच असतो. म्हणजे घरातली ही दोन टोकं बिनसत्तेची आहेत, आणि म्हणून त्यांची छुपी युती होते. ज्या लेखकाला ही युती दिसली त्याचं पुस्तक टिकलं. ज्यानं आजोबांना आई-बाबांच्या वतीनं हवालदार नेमलं, त्याचं पुस्तक शाळेच्या कपाटात कोरं करकरीत राहिलं. तसली पुस्तकं मी बरीच पाहिली आहेत, नावं घेत नाही.

आपल्या लोककथेला हे आधीच कळलं होतं. भोपळ्यातली म्हातारी आठवा. लेकीकडे निघालेली, वाटेत वाघ-कोल्हे खायला टपलेले, आणि ही काय सांगते? 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' चक्क थाप. परतताना भोपळ्यात बसून वर 'म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक'! या गोष्टीत नातवंड औषधालाही नाही. तरी ती नातवंडांचीच गोष्ट आहे, कारण ती सांगते कोण? घरातली म्हातारी. स्वतःच्या वयाच्या, दात पडलेल्या बाईला नायिका करून, ती कशी थापा मारून वाचली हे ती नातवाला सांगते आणि दोघं मिळून हसतात. तिथे तात्पर्य नाही. कुणी 'प्रसंगावधान' असं लिहून गोष्टीला शेपूट जोडलं असेल तर ते खुशाल कापा.

आता जरा दूर, स्वित्झर्लंडला जाऊ. योहाना स्पिरी यांच्या 'हायडी' या कादंबरीचा पहिला भाग १८८० साली जर्मन भाषेत आला. पाच वर्षांची पोरकी पोर. मावशीला फ्रांकफुर्टमध्ये नोकरी मिळते, म्हणून ती हायडीला डोंगरावर एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या दारात आणून सोडते. अख्खं गाव त्या म्हाताऱ्याला टरकून असतं. ही मात्र त्याच्या झोपडीच्या माळ्यावर गवताची गादी करते आणि तिथलीच होऊन जाते. बहुतेकांना एवढं आठवतं, शिवाय शेळ्या.

मी मात्र मुलांबरोबर नेहमी पेटरच्या आजीपाशी रेंगाळते. पेटर हा शेळ्या राखणारा पोरगा आणि त्याची आजी आंधळी. तिच्या मोडकळलेल्या घराची झडप वाऱ्यानं आपटते, ती हायडीच्या लक्षात येते आणि ती म्हणते, माझे आजोबा करतील नीट. आणि माणसांना तोंडही न दाखवणारा तो म्हातारा खरोखर येऊन ठोकाठोक करतो! पुढे हायडीला फ्रांकफुर्टच्या श्रीमंत घरात पाठवतात. तिथे जेवणाबरोबर पांढरे मऊ पाव मिळतात. पेटरच्या आजीला काळा टणक पाव चावत नाही, म्हणून ही पोर रोज पाव लपवून कपड्यांच्या कपाटात साठवत राहते. ते अर्थातच वाळून दगड होतात आणि घरावर देखरेख करणाऱ्या बाई ते फेकायला लावतात. हा प्रसंग वाचताना वर्गात मुलं चिडतात, पण त्या बाईंवरच चिडतात. 'पाव वाळणारच होते ना?' असं एकही मूल विचारत नाही. मोठी माणसं मात्र हटकून विचारतात.

हायडीला वाचता येत नसतं. वाचायला शिकणं अशक्यच आहे असं पेटरनं सांगितलेलं, आणि तिनं ते मानलेलं. शिकवणीचे मास्तर हात टेकतात. मग त्या श्रीमंत घरातल्या मुलीची, क्लाराची, आजी येते. ती चित्रांचं पुस्तक पुढे ठेवते. त्यात हिरवं कुरण आणि मेंढपाळ. हायडीला घर आठवून रडू फुटतं आणि त्याच पुस्तकापायी ती अक्षरं शिकते. डोंगरावर परतल्यावर ती काय करते? पेटरच्या आजीच्या घरात वर्षानुवर्षं पडून असलेलं भजनांचं पुस्तक उघडून तिला वाचून दाखवते. नीट बघा, एका आजीनं दिलेलं वाचन नात दुसऱ्या आजीपर्यंत पोचवते. एक आजी साहेबीण, दुसरी कंगाल आणि आंधळी. त्या दोघींना जोडणारं तिथे दुसरं कुणीही नाही, फक्त एक लहान मुलगी. स्पिरीबाई धार्मिक वळणाच्या होत्या, पुस्तकात मधूनमधून उपदेशही आहे, आणि तिथे मी सरळ दोन पानं उलटते. पण ही रचना मात्र पक्की आहे.

सुधा मूर्तींची आजीला वाचायला शिकवण्याची आठवण तुम्हांपैकी अनेकांनी वाचली असेल, ती पाठ्यपुस्तकांतही गेली. कन्नड लेखिका त्रिवेणी यांची 'काशी यात्रे' ही कादंबरी 'कर्मवीर' साप्ताहिकात क्रमशः येते. नात ती आजीला वाचून दाखवते. नात लग्नाला गेली आणि मागे अंक आला. आजी तो हातात धरून बसली, चित्रं बघितली, पण अक्षर लागेना. मग बासष्टाव्या वर्षी ती शिकायला बसते आणि सरस्वतीपूजेला बारा वर्षांच्या नातीच्या पाया पडते. हसून सोडून देण्याजोगा प्रसंग नाही हा. आपल्याकडे वाकण्याची दिशा ठरलेली असते, आणि इथे ती उलटते. मला तर त्याहून आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो: नात गावाला गेली तेव्हा आजीला आपलं परावलंबन कळलं, आणि ते तिनं नातीसमोर कबूल केलं. सत्ता असलेला माणूस असं कबूल करत नाही.

याच उलट्या दिशेचा कळस म्हणजे प्रेमचंदांची 'ईदगाह', १९३३ची. हमीद चार-पाच वर्षांचा, आई-बाप दोघं गेलेले, आजी अमीना शिवणटिपण करून दिवस काढते. ईदच्या जत्रेला त्याच्याजवळ तीन पैसे. बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. हा लोखंडाच्या दुकानापुढे थांबतो, कारण तव्यावरून रोट्या काढताना आजीची बोटं भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, पाचावर येतो, हा तीन म्हणून पुढे चालू लागतो, आणि चिमटा मिळतो. गोड-गोड त्यागाची गोष्ट म्हणून ती शिकवू नका, कृपा करा. मधला भांडणाचा भाग वाचा! परतीच्या वाटेवर हमीद आपल्या चिमट्याला पैलवान ठरवतो, मित्रांची मातीची खेळणी त्याच्यापुढे कशी फुटतील ते सांगतो आणि वादात सगळ्यांना गारद करतो. तो पक्का पोरगा आहे, संत नाही. म्हणून शेवट पेलतो: चिमटा पाहून अमीना आधी रागावते, मग रडते, आणि प्रेमचंद लिहितात की म्हातारी अमीना लहान मुलगी झाली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. हायडी पोरकी, हमीद पोरका. आई-बापांना पहिल्याच पानावर गुंडाळून टाकायचं ही बालसाहित्यातली जुनी युक्ती आहे. मधली पिढी हलवली की दोन टोकं आपोआप समोरासमोर येतात. युक्ती सोपी आहे, पण आपल्या राज्यात ती युक्ती नाही, तो दरवर्षीचा हंगाम आहे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांत दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले नवरा-बायको, ज्यांना मिळून 'एक कोयता' म्हणतात, टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यावर ऊसतोडीला निघून जातात. परततात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. काही मुलं बरोबर जातात आणि खोपीत राहतात. जी शाळेसाठी मागे राहतात त्यांतली बरीच आजी-आजोबांकडे. गावात तेव्हा म्हातारी माणसं आणि पोरं, एवढीच दिसतात.

त्या घरांत कोण कुणाला सांभाळतं? दहा वर्षांची नात पहाटे उठून भाकरी थापते, कारण आजीला चुलीपुढे धड दिसत नाही. आजोबांचा फोन नातू लावून देतो, फडातल्या आई-बापाशी बोलणं त्याच्यामुळे होतं. आणि तरी आजी त्याला 'शाळेला जा रं' म्हणून काठी घेऊन मागे लागते. यातला प्रत्येक तुकडा मला तिथल्या शिक्षकांनी सांगितला आहे. या मुलांना कपाटातलं पुस्तक द्यायचं तर त्यात काय असतं? सुट्टीत आजोळी जाणारी शहरी मुलं, विहिरीत पोहणं, आंबे. चांगलं आहे, पण ते पाहुण्याचं गाव आहे. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकात राधा घरातल्या एकेका माणसाबद्दल सांगते, आणि तिथे आजी-आजोबा साधी, खरीखुरी माणसं म्हणून येतात. तो मराठीतला मोठाच टप्पा आहे. पण पाच-सहा महिने आई-बाप नसलेल्या घरातली राधा माझ्या हाताला अजून लागलेली नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणी लिहीत असेल तर विषय मोकळा पडला आहे. मुलांनाच लिहायला सांगा, म्हणजे निदान इथल्या अमीनाच्या घरी चुलीवर काय असतं हे कळेल.

रक्ताच्या नात्याबाहेरही एकदा पाहू. 'ईदगाह' आली त्याच १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी 'श्यामची आई' लिहीत होते. त्यात एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडते, अस्पृश्य म्हणून कुणी हात लावत नाही, आणि आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते, घरी येऊन आंघोळ कर म्हणते. ती आंघोळ आज खुपते आणि खुपायलाच हवी. मुलांशी त्यावर बोला, पान चिकटवू नका. जपानी लेखिका काझुमी युमोतो यांच्या १९९२च्या कादंबरीत तर तीन मुलं एका एकट्या म्हाताऱ्यावर पाळत ठेवतात ती निव्वळ मरण कसं दिसतं हे बघायला! म्हाताऱ्याला ते कळतं, तो भडकतो, मग त्यांना कामाला लावतो, आणि पाळतीची मैत्री होते. इतका हिशेबी, इतका खरा कुतूहलाचा आरंभ मराठीत कुणी करेल का? आपण 'आजोबा देवाघरी गेले' म्हणून विषय मिटवतो.

मरणाबद्दल दोनच पुस्तकं सांगते. जॉन बर्निंगहॅम यांचं १९८४चं चित्रपुस्तक, नात आणि आजोबा. शब्द अगदी थोडे, त्यात दोघं बरेचदा एकमेकांना भलतीच उत्तरं देतात, जसं खरोखर होतं. मग एका पानावर आजोबा आज खेळायला येऊ शकत नाहीत. त्यानंतर रिकामी खुर्ची आणि तिच्याकडे बघणारी मुलगी, एकही अक्षर नाही. ते पान मोठ्यानं वाचणाऱ्यानं गप्प बसायचं असतं, आणि शिक्षकांना नेमकं तेच जमत नाही.

दुसरं रोआल्ड डाल यांचं 'द विचेस', १९८३चं. इथेही आई-बाप अपघातात जातात आणि मुलगा सिगार ओढणाऱ्या नॉर्वेजियन आजीकडे येतो. चेटकिणी त्याचा उंदीर करतात आणि तो शेवटपर्यंत उंदीरच राहतो. चित्रपटवाल्यांनी त्याला पुन्हा मुलगा केलं, ते डाल यांना मुळीच आवडलं नव्हतं. कारण पुस्तकातला गाभाच तिथे आहे. उंदीर झालेला नातू आजीला विचारतो, मी किती जगेन? ती सांगते, अंदाजे नऊ वर्षं. आजी शहाऐंशीची. मुलगा खूश होतो, कारण तिच्याशिवाय जगायची त्याला इच्छाच नाही.

'हे मुलांना वाचून दाखवायचं?' असं मला दर वेळी विचारलं जातं. हो, चौथीपासून पुढे बिनदिक्कत. वर्गात या जागी कुणी रडत नाही. मुलं लगेच बोटं मोजायला लागतात. शहाऐंशी आणि नऊ, पंच्याण्णव. मग कुणीतरी ओरडतं, 'बाई, माझी पणजी सत्त्याण्णवची आहे!' आणि सगळा वर्ग ठरवतो की जमण्यासारखं आहे.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. हेल्मेटवाल्या आजींनी मघाशीच हात वर केला होता.