भाव अधिक तीन

[दृश्य: मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. मासळीचा लिलाव.]

बंगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी, हलवा. गावातल्या कॉम्प्युटरच्या वर्गात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी मुलं यांचेच पाच भाव ॲरेत, म्हणजे एका ओळीतल्या कप्प्यांत, भरतात. ॲरेचं नाव 'भाव'. आणि लगेच पहिला प्रश्न येतो: बंगडा पहिला, मग तो भाव[०] का?

कारण कंसातला आकडा हा क्रमांक नव्हेच, ते सुरुवातीपासूनचं अंतर आहे. कोकण रेल्वेचं अंतर रोह्यापासून मोजतात. तिकडं टोकाला ठोकूर ७४१ किलोमीटरवर, आणि रोहा स्वतः शून्यावर.

[दृश्य: फळ्यावर एका ओळीत पाच चौकोन.]

समजा, ॲरे मेमरीतल्या १००० या पत्त्यावर सुरू झाला. इंट, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, चार बाइटचा. भाव[३] म्हणजे सी भाषेच्या लेखी *(भाव + ३); तारा म्हणजे त्या पत्त्यावर जे आहे ते. हजारात तीन मिळवले, १००३ यायला हवेत ना? येतात १०१२. कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तिनाला चारानं गुणून मोकळा होतो, आणि सांगतही नाही.

याला इतिहास आहे. सीच्या आधीच्या बी भाषेत प्रकारच नव्हते. एक मिळवला की पुढचा वर्ड, म्हणजे मेमरीचा पुढचा कप्पा. पुढे पीडीपी-११ हे यंत्र आलं, त्यात प्रत्येक बाइटला वेगळा पत्ता. तिथं हा हिशेब चालता चालता जुळवावा लागे. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीनं सी घडवली, तेव्हा पॉइंटरला, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला, प्रकार मिळाला. उडी केवढी, ते आता प्रकार ठरवतो.

बेरीज उलटी केली तरी तीच, म्हणून ३[भाव] सुद्धा चालतं. मित्राला चकवायला ठीक. कामाच्या कोडमध्ये कृपया नको.

खरा घोळ यापुढे. भाव आणि &भाव (& म्हणजे 'याचा पत्ता') छापून बघा: दोन्हीकडे १०००. पण भाव + १ म्हणजे १००४, आणि &भाव + १ थेट १०२०! पत्ता एकच, पण पहिला एका इंटचा, दुसरा पाच इंटच्या अख्ख्या ॲरेचा.

१०२० ही ॲरेच्या लगेच पलीकडची जागा. लूप कुठं थांबवायचा हे ताडायला हा पत्ता जवळ ठेवता येतो. तिथं वाचायला गेलात, तर काय होईल याची हमी भाषा देत नाही.

[दृश्य: स्क्रीनवर दोन आकडे, २० आणि ८.]

फंक्शनकडे ॲरे पाठवला, की पोचतो फक्त पत्ता. किती बाइट ते सांगणारा साइझऑफ बाहेर २० सांगतो. आत, ६४ बिटच्या नेहमीच्या मशीनवर, ८, म्हणजे नुसत्या पत्त्याचा आकार. भाव किती आहेत हे आत कळायला मार्गच नाही. म्हणून पाच हा आकडा वेगळा पाठवायचा.