डेम्लो स्टेशनचा सतरा अंकी आकडा

[दृश्य: सीएसएमटी, संध्याकाळ. इंडिकेटरवर डोंबिवली लोकल.]

जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाच्या, काळात याच मार्गावर, मुंबईपासून 30 मैलांवर, 'डेम्लो' नावाचं स्टेशन होतं. म्हणजे आजचं डोंबिवली. संख्यांच्या एका कुळाला या स्टेशनाचं नाव आहे. ते दिलं गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म 1905, डहाणूचा. शाळा ठाण्यात, आणि पुढे नोकरीची सगळी वर्षं देवळालीत मास्तरकी. कल्पना सुचली ती डेम्लो स्टेशनात, म्हणून 'डेम्लो संख्या'. डोंबिवलीकर गर्दीबद्दल बोलतात तेवढं याबद्दल बोलत नाहीत, हे काही बरं नाही.

या कुळातली सगळ्यात देखणी संख्या ही:

12345678987654321.

उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. एक, दश, शत… अशी अंकांच्या स्थानांना नावं देणाऱ्या भास्कराचार्यांच्या यादीत हिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी बसतो. आणखी एक घर पुढे गेलं की परार्ध.

[दृश्य: चौकटीची वही. पेन्सिल चालते आहे.]

ही येते कुठून? नऊ वेळा एक लिहा, 111111111, आणि त्याला त्यानेच गुणा. पाढा लागतच नाही. तीच ओळ नऊदा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. आता उभी बेरीज. उजव्या टोकाच्या घरात एकच एक. शेजारी दोन. मग तीन. अगदी मधल्या घरात नऊ, आणि तिथून उतार. हातचा एकदाही घ्यावा लागत नाही. सगळं सौंदर्य त्यातच आहे.

अंकांची बेरीज 81. आणि 81 ने या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना 'हर्षद' म्हणतात. हेही कापरेकरांनीच ठेवलेलं नाव. भागाकार येतो 12345679 चा वर्ग. हो, सातानंतर थेट नऊ. आठ गायब आहे, लिहिताना राहिलेला नाही.

[दृश्य: वहीचं नवं पान.]

आता मोह होतोच: दहा एक घेऊन पाहू. मधल्या घरात दहा जमतात. लोकलच्या बाकावर 'जरा सरका' म्हणत चौथा बसतो. वहीच्या घरात दहाला ती सोय नाही. शून्य ठेवा, हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढचा आठ होता, तो नऊ झाला.

1234567900987654321.

उतरणीवरचा आठ जागेवर आहे. चढणीवरचा गेला. एकाला 81 ने भागून दशांशात लिहा, 0.012345679012345679… तिथेही आठ नाही. तोही याच हातच्यात गेला.