सीमेपलीकडचं सहा नंबरचं चॅनेल

नमस्कार, श्रोतेहो. गच्चीवरचा अँटेना आठवतो ना? बांबूला बांधलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या, खिडकीतून आत घेतलेली चपटी वायर, आणि वर कावळा बसला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. पुण्यात आमच्या घरी वडील गच्चीवर चढून अँटेना टीव्हीचा मनोरा असलेल्या सिंहगडाच्या दिशेला वळवायचे. मी जिन्यात उभा, आणि आई आतून ओरडायची, "आलं, आलं! आता हलवू नका!"

आज ज्या गच्च्यांची गोष्ट सांगणार आहे, त्या अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरातल्या. तिथल्या लोकांचा सिंहगड मात्र परमुलखात होता. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यात, सीमेला खेटून वसलेल्या तिहुआना शहरात.

झालं असं, की 1948 साली अमेरिकेने नव्या टीव्ही केंद्रांना परवाने देणं थांबवलं. ते थेट 1952 पर्यंत. सॅन डिएगोत तोवर एकच केंद्र सुरू झालेलं. दोन्ही देशांच्या वाटपात सहा आणि बारा नंबरची चॅनेलं तिहुआनाला मिळाली, आणि 1953 मध्ये सहा नंबर सुरू झालं. नाव एक्सईटीव्ही. मेक्सिकोतल्या केंद्रांची नावं एक्सई किंवा एक्सएचने सुरू होतात, त्यातलंच हे एक. मनोरा मेक्सिकोत, परवाना मेक्सिकोचा, आणि चॅनेलची भाषा? इंग्रजी! कारण प्रेक्षक सीमेच्या उत्तरेला.

आता माझा आवडता भाग. 1956 मध्ये अमेरिकेतल्या एबीसी या मोठ्या नेटवर्कने या चॅनेलशी करार केला. कार्यक्रम अमेरिकेत तयार होणार, बघणारेही अमेरिकेतच. मग तारेवरून थेट पाठवावेत की नाही? नाही! कायदा आडवा आला. मग काय करायचे, तर कार्यक्रमाची फिल्म डब्यात भरायची, डबा गाडीत ठेवायचा आणि सीमेचं फाटक ओलांडून तिहुआनाला न्यायचा. पुढे फिल्मच्या जागी टेप आली. डबा गाडीतून दक्षिणेला जायचा आणि त्यातली चित्रं हवेतून, कुणालाही न विचारता, परत उत्तरेला यायची. पुन्हा सांगतो, श्रोतेहो: डबा रस्त्याने जायचा, चित्रं हवेतून परत यायची. मला हे कितीही वेळा सांगायला आवडतं.

आणि हा कायदा कुणामुळे झाला होता? टीव्हीमुळे नव्हेच, आपल्या रेडिओमुळे! कॅन्सस राज्यात ब्रिंकली नावाचा एक डॉक्टर होता. बोकडाच्या वृषणग्रंथी माणसात बसवून गेलेलं पौरुष परत आणतो, असा त्याचा दावा. 1930 मध्ये त्याच्या रेडिओ केंद्राचा परवाना गेला. तर हा गडी 1931 मध्ये मेक्सिकोत, कोआविला राज्यातल्या व्हिया आकुन्या गावी प्रचंड ताकदीचं केंद्र उभारून बसला, आणि टेलिफोनच्या तारेवरून बोलून तिथून अमेरिकेवर जाहिरातींचा मारा करू लागला. त्याला रोखायला 1934 च्या कायद्यात कलम आलं: अमेरिकेतून परदेशी केंद्राला कार्यक्रम पुरवून तो परत अमेरिकेत ऐकवायचा असेल, तर आधी परवानगी घ्या. ब्रिंकलीसाठी विणलेल्या त्या जाळ्यात वीस वर्षांनी टीव्हीचे डबे अडकले. माझं स्पष्ट मत आहे, औषधांच्या खोट्या जाहिरातींना असाच खमका कायदा हवा. आजही सकाळी टीव्ही लावला की गुडघेदुखी आणि मधुमेह चुटकीसरशी बरा करणारे कितीजण दिसतात! आजारी माणसाच्या आशेवर धंदा करणं हे पाप आहे. असो, विषय राहिला बाजूला.

1973 मध्ये एबीसी सॅन डिएगोतल्याच एका केंद्राकडे गेलं. सहा नंबरने मात्र जुने चित्रपट, मालिका, नंतर दुसरी नेटवर्कं असं करत 2017 पर्यंत इंग्रजी सोडली नाही.

डिजिटलचं थोडक्यात सांगतो. मेक्सिकोने जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करायला सुरुवात केली ती याच तिहुआनापासून, 28 मे 2013 रोजी. लॅटिन अमेरिकेत असं करणारं हे पहिलं शहर. पण राज्यातली निवडणूक तोंडावर आलेली, आणि कितीतरी घरांत जुन्या टीव्हीला जोडायचा डिजिटलचा खोका पोचलाच नव्हता. त्या घरांतल्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या! काही दिवसांतच जुनं प्रक्षेपण पुन्हा सुरू करावं लागलं. मतदान उरकल्यावर 18 जुलैला ते कायमचं थांबलं. ज्या घरात केबल नाही, त्या घराला अँटेना हीच बातमी आणि अँटेना हीच करमणूक. अशा घराचा पडदा एका दिवसात काळा करून चालत नाही, हे तिहुआनाने सगळ्या देशाला दाखवलं. पुढे गरीब घरांना सरकारने सुमारे 1 कोटी डिजिटल टीव्ही वाटले, तेव्हा कुठे 2015 च्या अखेरीस देशभरचं बहुतेक अ‍ॅनालॉग बंद झालं.

आमचा पुण्याचा अँटेना वडिलांनी शेवटपर्यंत उतरवू दिला नाही. सिंहगडाकडे तोंड करून तो अजून गच्चीवर उभा आहे.