सगळे जोड नऊ नंबरचे

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी सहाला घंटागाडीच्या आधी तुमच्या गल्लीत झाडू फिरतो. उद्या खिडकीतून झाडणाऱ्या मावशींच्या पायाकडे जरा बघा. बहुतेक चप्पलच दिसेल. आपण लगेच म्हणतो, "नगरपालिका काही देत नाही यांना." देते हो, पुष्कळदा देते. एका नगरपरिषदेच्या भांडार विभागात माझी बरीच वर्षं गेली. बूट येतात, सह्या घेऊन वाटले जातात आणि तरी पायात चप्पलच राहते. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

खरेदीची वाट साधारण अशी असते. स्वच्छता निरीक्षक मागणीपत्र देतात. अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते लेखा विभाग बघतो. मग मुख्याधिकाऱ्यांची मान्यता, आणि रक्कम मोठी असेल तर समितीचा किंवा सभेचा ठराव. किरकोळ खरेदी तीन दरपत्रकांवर होते, मोठी असेल तर ई-निविदा निघते. 2016पासून केंद्राचं जेम पोर्टलही आहे, तिथे ऑनलाइन बाजारासारखी खरेदी करता येते. निविदेत दोन लिफाफे असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात जो टिकेल त्याचाच दराचा लिफाफा उघडायचा आणि सर्वांत कमी दरवाल्याला पुरवठा आदेश द्यायचा. ऑफिसच्या भाषेत त्याला एल-वन म्हणतात.

या एल-वनच्या नावानं सगळे बोटं मोडतात. मला ते पटत नाही. घोळ होतो तो मागणीपत्रावरच्या एका ओळीत. "चांगल्या दर्जाचे गमबूट, 300 जोड." आता चांगल्या दर्जाचे म्हणजे काय? ते कोण मोजणार? स्वस्तातला प्लॅस्टिकचा बूट आणणाराही छातीवर हात ठेवून सांगतो, "साहेब, माल चांगलाच आहे." मग माल परत करायचा कुठल्या आधारावर? त्याऐवजी लिहा की बूट रबरी हवा, भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 5557 प्रमाणे हवा, उंची इतकी, तळव्याला खाचा अशा. एक नमुना सीलबंद करून कपाटात ठेवा आणि आलेला माल त्याच्याशी ताडून बघा. मग खुशाल कमी दरवाल्याकडून घ्या.

बरं, एवढं सगळं लिहूनही आम्ही एका वर्षी तोंडावर आपटलो होतो. मागणीपत्रात मापाचा रकानाच नव्हता. पुरवठादारानं सगळे जोड नऊ नंबरचे पाठवले. आमच्याकडे झाडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका, त्यांचे पाय चार-पाच नंबरचे. एका मावशींनी बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बूट माझ्या टेबलाशेजारी ठेवून म्हणाल्या, "साहेब, गटारात पाय घातला की पाय वर येतो आणि बूट तिथंच राहतो."

आणि त्याच वर्षीचं लेखापरीक्षण? एकही आक्षेप नाही. तीनशे जोड आले, तीनशे वाटले, नोंदवहीत तीनशे सह्या.

हातमोज्यांचं तर विचारूच नका. ओला कचरा उचलणाऱ्याला कोपरापर्यंतचे रबरी मोजे लागतात. तेच मोजे झाडूवाल्याला दिले तर झाडूची मूठ घसरते आणि तासाभरात हात घामानं भिजतात. सुका कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला काचा आणि सुया लागतात. त्याला कापला न जाणारा मोजा हवा. यादीत मात्र एकच शब्द असतो, हातमोजे. 2020 साली पीपीई किट हा शब्द घरोघरी पोचला, पण रस्ता झाडणाऱ्याला तो पांढरा झगा नकोच असतो. त्याला धड मोजे हवेत.

आता ठेकेदाराच्या माणसांचं. 2016च्या घनकचरा नियमांत गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क अशी यादीच दिलेली होती. ठेकेदार ते देतो की नाही आणि कामगार वापरतात की नाही, हे बघायची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. म्हणून सफाईचा ठेका काढतानाच या साहित्याची किंमत वेगळ्या ओळीत मागावी. नाहीतर ठेकेदार दर पाडतो तेव्हा पहिली कात्री बुटांवरच चालते.

आणि मॅनहोलचं साहित्य या यादीत कधीही मिसळू नका. 2013च्या कायद्यानं गटारात माणूस तसाच उतरवायला बंदी आहे. पहिला पर्याय यंत्रच. तरीही उतरवायची वेळ आलीच, तर वायुमापक, बाहेरून हवा पुरवणारं श्वसनयंत्र, अंगाला बांधायचा पट्टा आणि वर ओढून घ्यायची तिवई लागते. खाली हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो, वाढला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. तिथे कापडी मास्क काय करणार? असा मृत्यू झाला तर 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023मध्ये सांगितलं. वायुमापक घेताना आणखी एक चूक होते. यंत्र येतं, पण त्याची वेळोवेळी तपासणी करून घ्यायचं कलम निविदेत नसतं. मग दोन वर्षांनी ते कपाटात असतं आणि त्याचा आकडा खरा की खोटा, कुणालाच ठाऊक नसतं.

वेळेचंही तेच. मागणीपत्र मार्चअखेरीला हलतं, मध्ये कुठली आचारसंहिता आली की फाइल झोपते आणि रेनकोट येतात गणपती झाल्यावर.

तर त्या नऊ नंबरच्या बुटांनंतर आम्ही डिसेंबरातच कामाला लागलो. मुकादमानं हजेरीच्या जागी पुठ्ठा ठेवला, एकेकाचा पाय त्यावर ठेवून पेन्सिलीनं आखला आणि चारपासून दहा नंबरपर्यंत तक्ता केला. पुरवठादार कुरकुरला, "साहेब, खोक्यात सरसकट मापं येतात." पण निविदेतच तक्ता होता, त्याला द्यावे लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटप झालं. त्याच मावशींनी चार नंबरचा जोड चढवला, भांडाराच्या ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून घोट्याजवळ चाचपलं आणि विचारलं, "साहेब, आत घालायचे पायमोजे?"

पायमोजे मागणीपत्रात नव्हते.