चालणं वाढलं, वजनही वाढलं

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी झाली, थंडी पडली की आपल्याकडं पहाटे चालणाऱ्यांची गर्दी वाढते. छत्रपती संभाजीनगरात हिमायत बाग आणि गोगाबाबा टेकडी, परभणीत कृषी विद्यापीठाचा परिसर, तालुक्याच्या गावी बायपास. महिन्याभरानं यातलेच काही जण दवाखान्यात येतात. "डॉक्टरसाहेब, चालून चालून चपला झिजल्या, अन् वजन दीड किलोनं वाढलं. मग कशाला उठायचं पहाटे?"

हे दीड किलो बहुतेक वेळा पाणीच असतं. सवय नसलेल्या शरीरानं व्यायाम सुरू केला की स्नायूंना बारीक इजा होते. ती भरून काढायला तिथं पाणी जमतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात त्या त्यामुळंच. शिवाय स्नायू आपल्या जवळ साखरेचा साठा वाढवतात. त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या १ ग्रॅममागं साधारण ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. रक्तातला पाण्याचा अंशही थोडा वाढतो. मोंढ्यात सोयाबीन नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की आडत्या भाव पाडतो, कारण काटा दाण्यासोबत पाणीही मोजतो. आपल्या घरचा काटाही तसाच. त्याला चरबी वेगळी अन् पाणी वेगळं कळत नाही. पहिले तीन-चार आठवडे म्हणून त्याचं फार मनावर घेऊ नका.

"चरबी जाऊन स्नायू वाढला, म्हणून वजन वाढलं," हे मात्र जिममध्ये जरा सैल हातानं सांगितलं जातं. स्नायू चरबीपेक्षा घट्ट असतो हे खरं. पण महिन्याभरात अर्धा किलो स्नायू चढला तरी पुष्कळ झालं, तोही वजनं उचलणाऱ्याला. नुसत्या चालण्यानं तेवढाही नाही.

आता दोन-तीन महिने झाले आणि वजन चढतंच आहे, तर पाण्याचं कारण संपलं. मग मी विचारतो, फिरून झाल्यावर काय करता? इथं माणूस थोडा हसतो. फिरणाऱ्यांचा घोळका टपरीवर थांबतो. गोड चहा, सोबत सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे. आठवड्यातून एकदा जिलेबी, कारण "आज जास्त चाललो." सत्तर किलोच्या माणसानं अर्धा तास झपाझप चाललं तर खर्च होतात १३० ते १५० कॅलरी. प्लेटभर सुशीला, त्यातलं तेल-शेंगदाणे धरून, सहज अडीचशेच्या पुढं जाते. चहा वेगळाच. म्हणजे घाम गाळून जमवलेलं टपरीवर दुपटीनं परत.

घरी जेवताना दुसरी गोष्ट घडते. व्यायामानं भूक खवळते. मी भाकरी बंद करा म्हणणाऱ्यातला नाही. ज्वारीची भाकरी पोटभरीची आहे, ती खावी. पण भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, तिच्यात खळगा करून कच्च्या तेलाची धार, आणि तेल मुरलं की पुन्हा धार! एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. ही धार कुणीच मोजत नाही. बाई म्हणतात, "मी तर एकच भाकर खाते," आणि खरंच एकच खातात.

तिसरं, बसणं. सकाळी चाललो म्हणून दुपारी ताणून द्यायची, कोपऱ्यावरच्या दुकानाला गाडी काढायची. दिवसभराची हालचाल घटली की सकाळचं चालणं त्यातच जिरतं.

मग मोजायचं काय? कंबर. मापपट्टी बेंबीपाशी धरायची, श्वास सोडून. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत असावी. पट्टी नसेल तर करदोटा सैल पडतोय का, परकराची नाडी बोटभर जास्त ओढावी लागते का, ते बघा. वजन तेच आणि नाडी सैल, तर चालणं लागू पडतंय.

काही वेळा दोष चालण्याचा नसतो आणि ताटाचाही नसतो. थंडी सोसत नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही, अंग जड वाटतं, अशांनी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. पाळी अनियमित असलेल्या मुलींनीही दाखवावं. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेत असाल तर ती पुडी घेऊनच डॉक्टरकडं या. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आणि चेहरा गोल होऊन वजन वाढतं. मात्र ती एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. इन्सुलिननंही थोडं वजन चढतं. पण तेवढ्यासाठी ते स्वतःच्या मनानं सोडायचं नाही. आणि चार दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज, चालताना दम, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काट्यावर उभं राहायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी अनशापोटी. सोमवार तेवढा टाळा. रविवारच्या मटणाच्या रश्श्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं, आणि आठवडाभराचं चालणं उगीच बदनाम होतं.

नमस्कार.