रोव्हर्स कप: पगार कुणाचा, कप त्याचा

नमस्कार मंडळी. मला पाऊण तासात आटपायला सांगितलंय आणि रोव्हर्स कप या आपल्या मुंबईच्या फुटबॉल स्पर्धेचा इतिहास आहे एकशेदहा वर्षांचा, म्हणजे दोन वर्षांना मिळून एक मिनिटसुद्धा येत नाही, तेव्हा मी बरंच गाळणार आहे. आधी हात वर करा बघू, कूपरेजच्या ग्राउंडवर रोव्हर्सची मॅच स्वतः पाहिलेले कितीजण आहेत? सात... आठ. आणि आठही डोकी पांढरी. माझं धरून नऊ.

तर १८९१. मुंबईत इंग्रजांनी ही स्पर्धा सुरू केली. ड्युरंड ही दुसरी जुनी फुटबॉल स्पर्धा त्याच्या तीन वर्षं आधी सिमल्याला सुरू झाली होती, म्हणजे वयात आपण थोडक्यात मागे. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि त्यापुढची विजेत्यांची यादी तुम्ही वाचलीत ना, तर ती फुटबॉलची वाटतच नाही, लष्कराचं गॅझेट उघडल्यासारखं वाटतं, ही रेजिमेंट, ती बटालियन, नुसत्या पलटणी. का? सोपं आहे. सोल्जरला जेवण सरकारी, बूट सरकारी आणि लढाई नसेल तेव्हा संध्याकाळ मोकळी. बाकी कुणाला एवढं फुकट मिळत होतं?

हेच मला आज सांगायचंय, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. रोव्हर्स कप कोण जिंकत होतं हे समजून घ्यायचं असेल तर स्कोअर नंतर बघा, आधी प्लेअरला महिन्याच्या महिन्याला पगार कोण देत होतं ते बघा.

१९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन झाली, आपण जिला विफा म्हणतो ती, आणि कारभार तिच्याकडे आला. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड ही तिकडची मोठी स्पर्धा जिंकली होती, ती गोष्ट सगळ्यांना माहितीय. पण हेच मोहन बागान १९२३ ला रोव्हर्सच्या फायनलला मुंबईत खेळलं आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून ४-१ हरलं हे कुणी सांगत नाही. हरलेल्या फायनली कोण लक्षात ठेवतो म्हणा. पलटणींची मक्तेदारी मोडायला १९३७ उजाडलं, आणि मोडली कुणी, तर बंगळूरच्या मुसलमान मुलांनी. बंगलोर मुस्लिम्स. ३७ ला जिंकले, ३८ ला परत जिंकले. मग १९४० ला कलकत्त्याचं मोहमेडन स्पोर्टिंग.

स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि पगार देणारा बदलला. आला पोलीस. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं, हैदराबाद सिटी पोलीस! पाच! मुंबईच्या टीमा दरवर्षी तयारी करायच्या आणि दरवर्षी हैदराबादवाले येऊन कप गाडीत घालून न्यायचे. त्यांचा कोच सय्यद अब्दुल रहीम, मूळचा शाळामास्तर. मास्तर माणूस असल्यामुळे शिस्त, छोटे पास, बॉल जमिनीवर ठेवा, उगाच आभाळात मारू नका. हेच रहीमसाहेब ५१ च्या आणि ६२ च्या एशियन गेम्सचं गोल्ड जिंकलेल्या भारतीय टीमचे कोच. ५५ ला शेवटी मोहन बागानने ही साखळी तोडली.

आता आपल्या मुंबईकडे येतो कारण इथे माझा जीव अडकलाय. नेव्हिल डिसोझा. १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक, यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं त्यात हॅटट्रिक या आपल्या मुंबईच्या पोराची, आणि भारत चौथा आला. हा माणूस कॅलटेक्सकडून खेळायचा, तेलाची कंपनी, आणि १९५८ चा रोव्हर्स कॅलटेक्सने जिंकला. १९६५ ला मफतलाल मिल्स. टाटा, पुढे ऑर्के मिल्स, महिंद्र, बँका, रेल्वे. मुंबईत क्लब म्हणजे कंपनी. स्पोर्ट्स कोट्यात लागायचं, पर्मनंट व्हायचं, गुडघा गेला की टेबलावर बसायचं.

आमच्या लोअर परळच्या चाळीत एक काका होते, नाव नाही घेत, फुलबॅक. मस्टरवर ते गिरणीच्या साचाखात्यातले, म्हणजे मागावरचे, पण दुपारी दोनला गेटपास घेऊन प्रॅक्टिसला. त्यांच्या बुटाचे स्टड चामड्याचे असायचे, खिळ्यांनी ठोकलेले, आणि ते झिजले की रविवारी सकाळी गॅलरीत बसून नवे ठोकायचे. आता बुटाला आतून टेकू लागतो ना, नाहीतर खिळा वाकतो, तर हे पाट्यावरचा वरवंटा उचलून बुटात घालायचे. काकू आतून ओरडतायत, आता चटणी कशात वाटू, आणि काका ठकठक ठोकतायत आणि आम्ही पोरं भोवती खिळे हातात घेऊन उभे. मला फुटबॉल म्हटलं की पहिला तो आवाज येतो, मग ग्राउंड.

ग्राउंड म्हणजे कूपरेज. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा, त्या पिंपांच्या कारखान्यावरून जागेचं नाव. चर्चगेटला उतरायचं, ओव्हलच्या कडेकडेने चालत जायचं, शेंगदाण्याची पुडी घ्यायची. फळ्यांच्या स्टँडवर सगळे एकदम उठले की खालून धूळ उडायची. आणि कुठली टीम आहे ते गर्दीवरून आधीच कळायचं. मोहमेडन असलं की नागपाडा, मदनपुरा लोटायचा. गोव्याची टीम असली की धोबीतलावच्या कुडांमधून माणसं चालत यायची. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या लोकांसाठी ठेवलेली राहायची जागा, बोटीवर कामाला जाणारे तिथे ट्रंका ठेवून बोट मिळेपर्यंत थांबायचे. आता बोट मिळत नाही, हातात वेळच वेळ आणि गावची टीम खेळतेय, मग काय विचारता, कोकणीत अशा काही शिव्या कानावर पडायच्या की माझे वडील मला म्हणायचे, तू बॉलकडे बघ.

गोवेकरांचा पगार कुठून यायचा? खाणीतून. धेंपो, साळगावकर ही खाणवाली घराणी, त्यांचे क्लब. १९७४ ला धेंपोने रोव्हर्स जिंकला, गोव्याच्या टीमचा तो पहिलाच, मग ७८ आणि ७९ ला परत. साळगावकरचा ब्रह्मानंद संखवाळकर गोलमध्ये उभा राहिला की समोरचा फॉरवर्ड आधीच अर्धा हरलेला असायचा, हे माझं मत आहे, वाद घालायचा तर बाहेर चहावर घालू. कलकत्त्याचं गणित वेगळं, तिथे क्लबला सपोर्टर पोसतो, म्हणून मोहन बागानच्या नावावर चौदा रोव्हर्स आहेत, कुणाहीपेक्षा जास्त.

आणि मग जानेवारी १९८२, गिरणी संप. इथे बसलेल्यांना मी काय सांगू. फुटबॉलच्या कुठल्या लेखात संपाचा उल्लेख येत नाही, पण मिल बंद म्हणजे मिलची टीम बंद, आणि टीम बंद म्हणजे पुढच्या पोराला नोकरीचं आमिष बंद. पोराचा बाप काय म्हणणार, खेळ बाबा? काकांचा गेटपास गेला, गेटच गेलं. बँकांची भरती पण पुढे आटत गेली. नंतर १९९६ ला नॅशनल लीग आली, पहिली पंजाबच्या जेसीटी मिलच्या टीमने जिंकली, आणि मोठ्या क्लबांचं वर्षाचं कॅलेंडर लीगभोवती फिरायला लागलं. दोन-तीन आठवडे टीम घेऊन मुंबईत येऊन राहायचं कशाला? ड्युरंड टिकली कारण तिच्यामागे आजही लष्कर उभं आहे. रोव्हर्समागे कोण होतं? जे होते ते एकेक करून निघून गेले.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवलीय, कोल्हापूरचं काय? चांगला प्रश्न. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला आजही पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की पाय ठेवायला जागा नसते, खंडोबा तालीम घ्या, शिवाजी तरुण मंडळ घ्या, ह्या टीमा कुठल्या कंपनीच्या नाहीत, पेठेच्या आहेत, तालमीच्या आहेत. कंपनी बंद पडते, पेठ कशी बंद पडेल? मारामाऱ्या होतात हे खरंय, तेवढं कोल्हापूरकरांनी बघावं. पण सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये २०१७ ला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. आणि गिरणगावातून कोण होता त्या टीममध्ये? जाऊ दे.

शेवटचा रोव्हर्स २०००-०१ चा. मोहन बागान आणि चर्चिल ब्रदर्स, बागान जिंकलं. मी तेव्हा फोर्टमध्येच नोकरीला होतो, ऑफिसपासून कूपरेज चालत पंधरा मिनिटं. हिशेबाच्या क्लोजिंगचं काम होतं. शेजारच्या टेबलवाला म्हणाला, येतोस का, फायनल आहे. मी म्हटलं तू जा, पुढच्या वर्षी बघू.