बॅग कुणाच्या खांद्यावरून उतरते?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गोल्फ खेळणारे या सभागृहात चार-सहाच असतील. तेव्हा आधी मैदानावरचं ओझं किती असतं ते सांगतो. नियमाप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त १४ स्टिक बाळगता येतात. त्यात चेंडू, छत्री, रेनकोट, पाण्याची बाटली आली की बॅग सहज १२-१५ किलोंची होते. चेंडू एकेका खळग्यात, म्हणजे होलमध्ये, घालत पुढे जायचं. असा १८ होलचा राउंड म्हणजे सात ते दहा किलोमीटर चाल आणि चार-साडेचार तास. हे ओझं स्वतः वाहायचं, कॅडीच्या, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाच्या, खांद्यावर द्यायचं, की गाडीत टाकायचं?

आता आणखी एक पर्याय आलाय, भाड्याने मिळणारा रोबो कॅडी. काउंटरवर पैसे भरायचे, एक छोटा ट्रान्समीटर कमरपट्ट्याला अडकवायचा, बॅग यंत्रावर बांधायची आणि चालू लागायचं. गायीमागे वासरू यावं तसं ते काही पावलांचं अंतर राखून मागे येतं, तुम्ही थांबलात की थांबतं. गोल्फ कार्ट बनवणाऱ्या क्लब कार या अमेरिकी कंपनीने ‘टेम्पो वॉक’ हे असं यंत्र आणलं, ते क्लबांनी भाड्याने द्यावं म्हणूनच. ब्रिटनच्या स्टुअर्ट गोल्फची माणसामागे चालणारी ट्रॉली मात्र खेळाडू स्वतः विकत घेतात. ती किंमत आपल्याकडच्या दोन-तीन लाखांच्या घरात जाते. आठवड्यातून एकदा खेळणारा माणूस एवढे पैसे गुंतवून ती चार्ज करत, डिकीतून ने-आण करत बसणार नाही. क्लबकडे असलेलं यंत्र मात्र दिवसाला दोन राउंड करू शकतं. भाड्याचं गणित बसतं ते इथे.

हे चालतं कसं? ट्रान्समीटरमधून निघालेला संकेत यंत्रावरच्या एकाहून अधिक अँटेनांपर्यंत पोचतो. त्यातल्या फरकावरून तुम्ही किती दूर आहात आणि कोणत्या बाजूला आहात, हे यंत्र ताडतं. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या मोटारी असतात, वळायचं असेल तर एक हळू, एक जलद. उतारावर त्याच मोटारी ब्रेकचं काम करतात. ऐकायला सोपं आहे, पण मैदानावर एक गंमत होते. यंत्र तुमच्या पावलांवर पाऊल टाकत येत नाही, तुम्ही आत्ता जिथे आहात तिकडे ते सरळ रेषेत निघतं. तुम्ही वाळूच्या बंकरला वळसा घालून गेलात तर मागून येणारा हा शहाणा थेट बंकरमध्ये. म्हणून ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ, आणि बंकरजवळ त्याला हाताने थांबवावं लागतं, किंवा मैदानाचा नकाशा आधीच त्याच्यात भरून जीपीएसने हद्द आखावी लागते.

ही कल्पना नवी नाही बरं का. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या गोल्फप्रो इंटरनॅशनल या कंपनीने ‘इंटेलीकॅडी’ नावाचा रोबो आणला होता. जीपीएस होतं, अडथळे ओळखायला ध्वनिलहरी होत्या, आणि तोही क्लबांनी भाड्याने द्यायचा होता. पण त्या काळी अमेरिकी लष्कर नागरी जीपीएसचा संकेत मुद्दाम ढोबळ करून सोडत असे. ते थांबलं मे २००० मध्ये. बॅटऱ्याही तेव्हा शिशाच्या, जड. आजच्या लिथियम बॅटरीने हे गणित बदललं.

पण यंत्राचं कौतुक इथेच थांबवतो, कारण मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. हा रोबो येतो तेव्हा तो कुणाची जागा घेतो? देशागणिक उत्तर वेगळं आहे.

अमेरिकेत कॅडीची जागा १९५० नंतर बसून जायच्या कार्टने केव्हाच घेतली. बहुतेक सार्वजनिक मैदानांवर कॅडी दिसतच नाही, आणि कार्टचं भाडं हे क्लबच्या उत्पन्नाचं मोठं साधन झालं. त्यामुळे तिथे रोबोशी स्पर्धा आहे ती कार्टची. म्हणजे हे यंत्र माणसाला पुन्हा पायी चालायला लावतं! स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने सुमारे तीन लाख गोल्फ खेळाडूंची नोंद तपासली होती. वय, लिंग आणि आर्थिक स्तर जमेस धरूनही त्यांच्यातला मृत्युदर इतरांपेक्षा ४० टक्के कमी निघाला. अर्थात मुळात धडधाकट माणसंच खेळायला जातात, हेही त्यात आलंच. जाता जाता सांगतो, पायी चालणं हा गोल्फचा गाभा आहे का, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. पायाच्या व्याधीमुळे कार्ट मागणाऱ्या केसी मार्टिन या व्यावसायिक खेळाडूच्या बाजूने २००१ मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. मैदान सांभाळणाऱ्यांनाही रोबो आवडतो. पावसानंतर ओल्या गवतावर जड कार्ट फिरली की जमीन दबते, म्हणून कार्ट रस्त्यावरच ठेवायला सांगतात, आणि त्या दिवशी भाडं बुडतं.

जपानमध्ये तिसराच प्रकार. तिथे बहुतेक कॅडी स्त्रिया, आणि चार खेळाडूंना मिळून एक कॅडी. १९९६ मध्ये यामाहाने रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या मागावर आपोआप चालणारी गोल्फ कार्ट बाजारात आणली. कॅडीबाई रिमोटचं बटण दाबतात, चारही बॅगा घेऊन गाडी पुढे जाते, आणि त्या खेळाडूंबरोबर चालतात. ओझं यंत्राकडे गेलं, माणूस मैदानावरच राहिला. पुढे हेच तंत्र फुकुई प्रांतातल्या एइहेइजी गावात जुन्या रेल्वेमार्गावर प्रवासी वाहनांसाठी वापरलं गेलं, आणि २०२३ मध्ये ती सेवा चालकाविना सुरू झाली.

आपल्याकडे, म्हणजे पुण्याला येरवड्याच्या मैदानावर किंवा चेंबूरला, हा रोबो आला तर समोर कार्ट फार थोड्या असतील. समोर असेल तो माणूस. बहुतेक क्लबांत कॅडी पगारी नोकर नसतो. राउंडमागे ठरलेले पैसे आणि वर बक्षिसी. पावसाळ्यात मैदान बंद, की कमाई बंद.

आणि तो फक्त बॅग वाहतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्याच्याबरोबर चालून पाहावं. चेंडू झाडीत कुठे शिरला ते त्याने पाहिलेलं असतं. त्यासाठी पुढे जाऊन उभा राहणारा ‘आगेवाला’ ही तर आपल्या मैदानांची खास व्यवस्था. बंकरमधली वाळू तो सारखी करतो, उखडलेलं गवत बसवतो, ग्रीनचा उतार वाचतो. नियमांतली एक बारीक गोष्ट तर मला फार आवडते. २०१९ पासून अंतर मोजणारं उपकरण सर्वसाधारणपणे चालतं, पण चढ-उतार मोजून सांगणारं चालत नाही. यंत्राला जे सांगायची बंदी, ते कॅडीने बिनधास्त सांगावं: “साहेब, चढ आहे, एक स्टिक मोठी घ्या.”

या कामातूनच खेळाडू घडले. १९१३ ची अमेरिकन ओपन जिंकणारा फ्रान्सिस विमेट हा घरासमोरच्याच क्लबात कॅडीचं काम केलेला २० वर्षांचा पोरगा होता, आणि त्या दिवशी त्याची बॅग वाहणारा एडी लाउरी दहा वर्षांचा. इंडियन ओपन १९६५ मध्ये पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने जिंकली होती. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, १९९१ मध्ये, आणि तो दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनची देखभाल करत. मुलगा तिथेच खेळ शिकला आणि २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला. अनेक क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं आणि कॅडींना खेळता येतं. रोबोच्या भाड्याने ही शिडी काढून घेतली, तर ती कुठल्याच ताळेबंदात दिसणार नाही.

मग रोबो नकोच, असं मी म्हणत नाही. पन्नाशी उलटलेल्या कॅडीने मे महिन्यात १५ किलो खांद्यावर घेऊन दिवसाला दोन राउंड का करावेत? माझं म्हणणं एवढंच, की भाड्याचा धंदा कॅडींच्याच हाती द्या. आपल्या राज्याला सहकारी संस्था काढायला शिकवायला नको. कॅडींची संस्था, क्लबच्या हमीवर कर्ज, यंत्रं संस्थेची, चार्जिंगला जागा क्लबची. चौघांच्या बॅगा यंत्रांवर, आणि चौघांमागे एक किंवा दोन जाणते कॅडी, जपानसारखे. अडचण आहेच. आज चौघांबरोबर चार कॅडी जातात, उद्या दोन गेले तर उरलेल्या दोघांचं काय? भाड्याच्या पैशातून त्यांना पाळी लावून काम देता येईल का, दुरुस्ती आणि चार्जिंग त्यांना शिकवता येईल का, हे आकडे मांडूनच ठरवावं लागेल, आणि काही क्लबांत ते जुळणारही नाही.

एक करा मात्र. विक्रेता क्लबच्या समितीपुढे प्रात्यक्षिक दाखवायला येईल, त्या दिवशी दोन-चार जुन्या कॅडींना बैठकीला बसवा. ते यंत्र तुमच्या मैदानावर कुठल्या होलला अडेल, हे विक्रेत्याच्या आधी तेच सांगतील.